भिंतीवरची वहिनी

सासूबाईंनी आधी पाहिलं. लेकीच्या बाळाला बघायला आल्या आणि प्रसूतिगृहाच्या दारातून आत पाऊल टाकता टाकता त्या अशा काही थबकल्या, की मागून येणारी सून त्यांच्या पाठीवर आदळली आणि सुनेच्या कडेवर पेंगणारी ठकी दचकून जागी झाली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "ही तू आहेस."

सुनेने मान वर केली. समोरच्या भिंतीवर ती स्वतःच होती, चांगली दाराएवढी. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठांची सालं निघालेली, आणि छातीशी दुपट्यात गुंडाळलेली ठकी, जगात येऊन जेमतेम एक दिवस झालेली. त्याला लागूनच दुसरा फोटो होता. त्यात एक गुबगुबीत बाळ होतं, मांड्यांना वळ्या पडलेलं, तोंड भरून हसणारं. ते कुणाचं होतं देव जाणे, पण ठकी नव्हती. ठकी म्हणजे नुसती काटकी. दहा महिन्यांची झाली, रांगून रांगून घराची वाट लावते, पण अंगाला मांस म्हणून धरत नाही. फोटोंच्या खाली मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझं दूध बाळाला पुरत नव्हतं. बरं झालं, मी वेळेत ओळखलं.' आणि त्याच्याखाली सोनेरी झाकणाचा पावडरचा डबा.

तिने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. चेहरा आपला आणि त्याच्या तोंडी बोलणं भलत्याचंच. ठकीला सावरत तिने बाकाची पाठ धरली.

या सुनेला सगळे कात्री म्हणायचे. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती कापडाची कटिंग करायची, वीस-वीस थर एकावर एक रचून एका हिसक्यात कापायची, आणि जीभही तशीच चालवायची. मशीनवरच्या बायका म्हणायच्या, हिच्या टेबलापाशी कापड आणि मुकादम दोघंही सरळ होतात. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. पण त्या दिवशी त्या भिंतीसमोर ती नुसती बाक धरून उभी होती.

आणि त्याच वेळी शेजारून आवाज आला. बाकावर दोन पोटुशा बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी उभी राहून फोटोकडे हात दाखवत होती. "ह्या ताईंचंच बघा ना. पहिलं बाळ. रात्रंदिवस छातीशी धरून बसायच्या. बाळ रडून रडून निळं पडायचं. सासूबाई म्हणायच्या, पाज, पाज. पण असेल तर पाजणार ना? शेवटी ताईंनी हिंमत केली, डबा आणला, आणि त्या रात्री बाळ पहिल्यांदा शांत झोपलं. रडल्या हो त्या, मला सांगताना."

"कुणाला सांगताना?" कात्रीने विचारलं.

"मला," ती मुलगी गोड हसून म्हणाली. तिने कात्रीकडे पाहिलं, कडेवरच्या ठकीकडे पाहिलं, आणि तरी तिला ओळख पटली नाही. "तुम्हाला पण माहिती हवी आहे का? बसा ना. तुमची बाळी जरा बारीकच दिसते."

आता दुसरी कुणी असती तर कात्रीने तिचा तिथल्या तिथे पाणउतारा केला असता. पण माणसाला आपलंच चरित्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नसलं, तर काय बोलायचं? "ती मी आहे," एवढंच ती म्हणाली.

मुलीने फोटो पाहिला, कात्रीला पाहिलं, आणि तिचे डोळे चमकले. घाबरायचं सोडाच, तिने खिशातून फोन काढला. "अय्या, ताई तुम्ही? एक सेल्फी? मी रोज तुमची गोष्ट सांगते हो."

सासूबाईंनी सुनेचा दंड धरला आणि तिला तिथून ओढून नेलं म्हणून बरं.

हा फोटो कसा निघाला ते सांगायला हवं. ठकी झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक फोटोवाला आला होता. हसरा, तोंडाने गोड. पहिल्या दिवसाचा फोटो, एकदम फुकट, वर पुठ्ठ्याची फ्रेम. कंपनीकडून आयांना भेट म्हणे. कसली कंपनी, कुणी विचारलं? बाळंत होऊन पडलेल्या बाईला घोटभर चहा मिळाला तरी उपकार वाटतात, तिथे फ्रेम. जाता जाता तो कॅमेरा तसाच चालू ठेवून म्हणाला होता, "छान आलाय, कुठे लावला तर चालेल ना?" आणि कात्री म्हणाली होती, "लावा की." तिला वाटलं, दुकानाच्या काचेत लावेल. लोक आपल्याला बघतील म्हणून तिला जरा मजाच वाटली होती.

राहिला दुधाचा प्रश्न. तर कात्रीला दूध भरपूर होतं. इतकं, की कामावर रुजू झाल्यावर दुपार व्हायच्या आत ब्लाउज भिजायचा. मग ती गोदामात कापडाच्या थानांमागे बसून, आतून कडी लावून, दूध काढायची, बाटलीत भरायची, आणि जेवणाच्या सुट्टीत धावत घरी जाऊन सासूबाईंच्या हातात द्यायची. ती बाटली टेबलावर असायची, लागेल तशी सासूबाई ठकीला पाजायच्या. उरलेला वेळ, सकाळ-संध्याकाळ-रात्र, ठकी अंगावरच. घरात पावडरचा डबा म्हणून कधी आला नाही. हे इतकं साधं होतं की कुणाला समजावून सांगावं असं तिला कधी वाटलंच नाही.

नणंद वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. नवऱ्याची धाकटी बहीण. तिचं लग्न होऊन ती या दुसऱ्या गावी आली होती, पण जीव सगळा वहिनीत. साडी कुठली नेसू इथपासून नोकरी धरू की सोडू इथपर्यंत वहिनीला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. बाळंतपणाचं ऑपरेशन होऊन चार-पाच दिवस झाले होते. खिडकीपाशी पाळणा, पाळण्यात मूठभर मुलगा, आणि टेबलावर ओळीने नव्या कोऱ्या बाटल्या, त्यांचं गुलाबी स्टँड, आणि तो सोनेरी झाकणाचा डबा.

वहिनीला पाहताच नणंदेचा चेहरा फुलला. "ये गं. किती वाट बघत होते. वहिनी, तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"की तुला पण पुरत नव्हतं. अगं मी खाली आले ना दाखल व्हायला, कळा चालू होत्या, आणि समोर तू. मला इतका धीर आला म्हणून सांगू. नंतर दुसऱ्या दिवशी त्या कोटवाल्या ताईंनी माझं दाबून दाखवलं, चार थेंब निघाले. पिवळे. त्या म्हणाल्या, बघा, हे एवढंच. मी रडणार होते, पण म्हटलं, माझ्या वहिनीचं पण असंच झालं होतं, तिने लाज धरली नाही तर मी कशाला धरू. म्हणून सरळ बंदच केलं. घट्ट कापड बांधलंय, आता दुखत पण नाही."

कात्री पलंगाच्या कडेवर बसली. "अगं वेडे, सगळ्यांचं तसंच असतं पहिल्यांदा. माझं पण थेंबभरच होतं. बाळाने ओढलं की मग येतं. मी ठकीला डबा कधी दिलाच नाही. तो फोटो माझा आहे, ते बोलणं माझं नाही. ते कापड आधी सोड."

नणंद हसली. लहान मुलाची थाप पकडल्यावर हसतात तशी, प्रेमाने. "वहिनी, माझ्यापुढे कशाला? मी कुणाला सांगणारे का? मी आले होते तेव्हा तुमच्या टेबलावर बाटली पाहिली होती मी."

"ते माझंच दूध होतं. काढून ठेवलेलं. आईंना विचार."

दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई नातवाच्या पाळण्यावर वाकल्या होत्या. त्या वाकलेल्याच राहिल्या. कात्रीला वाटलं, यांना ऐकू आलं नसेल.

"आई, सांगा ना हिला."

"मी काय सांगू," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ तू पाजतेस ते मी बघते. दिवसाची बाटली तू कारखान्यातून भरून आणायचीस. तिथे डबा होता का नव्हता, मी कुठे बघायला आले? मी कधी एका शब्दाने विचारलं नाही तुला. असेल तर असेल, त्यात काय एवढं."

म्हणजे बघा. ज्या बाईने रोज त्या बाटलीने नात वाढवली, जिच्या हातात कात्री धापा टाकत ती बाटली द्यायची, त्या बाईने भिंतीवरचा एक फोटो पाहिला आणि तेवढ्यात दहा महिन्यांचं डोळ्यांनी पाहिलेलं सगळं पुसून गेलं. कात्रीला राग यायला हवा होता, आणि राग म्हणजे तिच्या घरचाच. पण आला नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही, उलट दोघी तिला सांभाळून घेत होत्या. चोरी पकडली जाऊनही आपण तिच्यावर माया करतो आहोत, अशा नजरेने बघत होत्या. तिला तर ठकीला तिथेच पदराखाली घ्यावंसं वाटलं, पण ठकी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसली होती आणि तिला मुळी भूकच नव्हती.

ती खूप बोलली. समजावलं, विनवलं, शेवटी चिडली. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" असं विचारलं.

"तुझ्यावरच तर आहे," नणंद म्हणाली आणि स्वतःच्या हाताने बाळाच्या तोंडात बाटली दिली. बाळ घटाघटा प्यायलं. सासूबाई म्हणाल्या, बघ कसं पितंय.

जाताना कात्री खालच्या भिंतीपाशी थांबली. सासूबाई पुढे गेलेल्या पाहून तिने पोस्टरच्या कोपऱ्यात नख घातलं. ते जाड प्लास्टिकचं होतं, चौकटीत ताणून बसवलेलं. नख तुटलं पण कोपरा सुटला नाही. वॉचमन धावत आला. "ओ ताई, जाहिरातीला हात लावू नका. कंपनीची वस्तू आहे."

"माझं तोंड आहे ते," कात्री म्हणाली.

वॉचमनने मान मागे नेऊन एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "असेल," तो म्हणाला, "पण चौकट कंपनीची आहे."

घरी आल्याबरोबर तिने पुठ्ठ्याच्या फ्रेमवरचा नंबर लावला. फोटोवाल्याने तिला लगेच ओळखलं. आवाजात तोच गोडवा. "ताई, अभिनंदन. सगळीकडे लागलाय तुमचा. सगळ्या दवाखान्यांत."

तिने तोंडाला येईल ते ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. अशी बोलणी त्याला नवी नसावीत. "ताई, तुम्हीच लावा म्हणालात, कॅमेऱ्यात आवाज आहे तुमचा. मजकुराशी माझा संबंध नाही, तो कंपनीवाले लिहितात. मी फक्त चेहरे देतो."

"माझाच का मग? दुसऱ्या बायका काय कमी होत्या तिथे?"

"खरं सांगू का? राग मानू नका. नटूनथटून बसलेल्या बायांचे फोटो चालत नाहीत यात. तुम्ही कशा थकलेल्या, भांबावलेल्या दिसत होतात. बघणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे, ही माझ्यासारखीच आहे. तुमचा बघताक्षणी वाटतो."

कात्रीने फोन ठेवला. ठकी झाली तेव्हा ती थकली होती हे खरं. पण आयुष्यात तेवढी खूशही ती कधी नव्हती, आणि तो थकवाच यांनी उचलून विकायला काढला होता. नवरा म्हणाला, आपण तक्रार करू. कुठे करायची ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने दोन-चार ठिकाणी विचारलं, सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि हात झटकले.

ती नणंदेला रोज फोन करायची. कापड सोडलंस का, बाळाला धरून तर बघ. नणंद हो हो म्हणायची. मग फोन तिचा नवरा उचलायला लागला आणि ती झोपली आहे म्हणायला लागला. कारखान्यातल्या बायकांनीही कुठेतरी तो फोटो पाहिला. एकीने डोळा मारून विचारलं, "काय गं, थानांमागे बसून डबा कालवायचीस होय?" ती थट्टाच होती. पण हसता हसता तिची नजर कात्रीच्या छातीवर येऊन गेली, आणि एरवी एका वाक्यात तिला गप्प करणारी कात्री मान खाली घालून कापड रचत राहिली.

दोन-तीन आठवडे गेले असतील. कात्री कटिंगला उभी होती तेव्हा नणंदेच्या नवऱ्याचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. बाळाला जुलाब, उलट्या. काही पोटात ठरत नाही. सरकारी इस्पितळात आणलंय. "वहिनी, ते डोळे उघडत नाहीये," तो म्हणाला.

ठकीला तिच्या बापाकडे सोपवून सासू-सून निघाल्या.

मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर ते बाळ होतं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी मूठभर होतं, आता मूठभरही नव्हतं. टाळू आत गेलेली, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी, हाताच्या पाठीला सुई. रडत होतं, पण आवाज निघत नव्हता. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. नणंद खाटेच्या उशाशी उभी होती, केस मोकळे, डोळे कोरडे.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, कामाने पिळून निघालेल्या. त्यांच्या मागे अजून बऱ्याच खाटा होत्या. "पावडर कशी कालवायचात?" त्यांनी विचारलं.

नणंदेच्या नवऱ्याने सांगितलं. सकाळी तो कामावर जायच्या आधी दिवसभराच्या सगळ्या बाटल्या कालवून ठेवायचा. गुलाबी स्टँडवर, ओळीने. बाळ रडलं की एक द्यायची.

"बाहेर? दिवसभर? या उकाड्यात?" डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "अहो, कालवलेलं दूध आहे ते. तासा-दोन तासांत नासायला लागतं. कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"वहिनीचं राहायचं," नणंद म्हणाली. तिने कात्रीकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोष नव्हता, खरोखरच न उमगल्यासारखं बघणं होतं. "तुझी बाटली टेबलावर असायची ना गं दुपारभर. मी बघितली होती. ठकीला तर कधी काही झालं नाही."

म्हणजे कात्रीचा नुसता चेहराच नव्हता घेतला. तिची बाटली, तिचं टेबल, तिची रोजची सवय, सगळं उचललं होतं या पोरीने, विश्वासाने, जसंच्या तसं. अंगावरचं काढलेलं दूध तीन-चार तास टिकतं. पण या पोरीच्या लेखी कात्रीच्या बाटलीत डब्याचंच दूध होतं. आणि कात्रीने कितीही कंठशोष केला असता तरी तिच्या लेखी तेच असणार होतं, कारण भिंतीवरच्या कात्रीने तसं सांगितलं होतं.

"आईचं दूध आहे का थोडंफार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सलाइनने पाणी भरून निघेल, पण पोट सावरायला आईचं दूध मिळालं तर या पोराचं निभावेल. नाहीतर मला काळजी वाटते, स्पष्ट सांगते."

"आटलं," नणंद म्हणाली.

"माझं आहे," कात्री म्हणाली.

काही संसर्ग नाही ना हे पाहायला तिचं रक्त तपासायला नेलं. त्याचा निकाल येईपर्यंतचा वेळ कात्रीने बाहेरच्या बाकावर कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. तपासणी ठीक निघाली. तिने पडद्याआड बसून वाटीत दूध काढलं. वॉर्डच्या सिस्टर चांगल्या होत्या, हाताने जलद आणि बोलायला मोजक्या. त्यांनी एक बारीक, सुतासारखी नळी आणली. तिचं एक टोक वाटीत सोडायचं आणि दुसरं आईच्या स्तनाग्रापाशी चिकटपट्टीने लावायचं. बाळ आईला ओढेल, पोटात दूध वहिनीचं जाईल, आणि ओढता ओढता आईचंही परत यायची शक्यता आहे. "येईलच असं नाही," सिस्टर म्हणाल्या, "पण येतं पुष्कळदा. उशीर झालाय, तरी करून बघू."

नणंदेला खुर्चीत बसवलं. सिस्टरांनी नळी लावली. सासूबाईंनी बाळाला उचलून तिच्या मांडीवर दिलं. कात्रीने वाटी पुढे धरली.

आणि नणंदेने बाळाच्या तोंडावर हात ठेवला.

ती वाटीकडे बघत होती. दूध पातळ होतं, किंचित निळसर झाक असलेलं. अंगावरचं तसंच असतं. "वहिनी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "रागावू नकोस. हे नक्की तुझंच आहे ना? त्यात काही कालवलं नाहीस ना? आता जर का..."

पडदा कात्रीनेच लावला होता, त्याच्या आडच काढलं होतं, आणि कुणी पाहिलं नव्हतं हे खरंच होतं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

कात्रीने वाटी सिस्टरांच्या हाती दिली, पदर बाजूला केला आणि ब्लाउजची बटणं सोडली. पलीकडच्या खाटेवरच्या बायका बघत होत्या, एक बाप्या ओशाळून दुसरीकडे वळला, डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. कात्रीने वाटी परत घेतली, स्तनाखाली धरली आणि बोटांनी दाबलं. पहिल्यांदा थेंब आले. मग धारा सुटल्या, बारीक, चार-पाच एकदम, वाटीच्या कडेवर वाजल्या, एक नणंदेच्या मनगटावर उडाली.

नणंदेने मनगट वर उचलून पाहिलं. मग तोंडाशी नेऊन जिभेने चाखलं. सासूबाई हुंदका देऊन रडायला लागल्या. "मी रोज पाजलं गं हिचं," त्या म्हणाल्या, "माझ्या हाताने पाजलं. मला कळायला नको?"

नणंद रडली नाही. तिने बाळाच्या तोंडावरचा हात काढला. बाळाने दोनदा हुकवलं आणि तिसऱ्यांदा धरलं. नळीतून दूध सरकताना दिसलं, आणि त्याचा घसा हलायला लागला. सिस्टर म्हणाल्या, वाटी जरा वर धरा, आणि कात्रीने ती वर धरली.

बराच वेळ नणंद नुसती बाळाच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत होती. मग तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत आता सगळं उजाडलं होतं, आणि ते कात्रीला बघवेना.

"म्हणजे तुला होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून होतं."

"हो गं."

"मग वहिनी, मी माझं कशासाठी बंद केलं?"

कात्रीचा वाटी धरलेला हात भरून आला होता, तो तिने दुसऱ्या हाताने आधार देऊन तसाच वर धरून ठेवला.